गोंगाटातला खेळ आणि कानाचा हिशेब

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत पाळी सुटल्यावर कारखान्याच्या ओट्यावर मोबाइलवर खेळत बसलेली मुले आता सर्रास दिसतात. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियासारख्या खेळात शत्रूची पावले डावीकडून वाजतात की उजवीकडून, हे कळावे लागते. शेजारी माग खडखडत असताना ते कळणे कठीण, म्हणून प्रत्येकाच्या कानात हेडफोन किंवा इअरबड असतो. कापड घेताना आपण पोत पाहतो, ताणा-बाणा मोजतो. हा माल घेताना मात्र एकच सवाल विचारला जातो, “आवाज किती मोठा येतो?” नुकसानीची सुरुवात इथूनच होते.

अमेरिकेतील नायॉश ही कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबल आवाजासाठी दिवसाला ८ तासांची मर्यादा सांगते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज बहुधा ९५ डेसिबलच्या वरच असतो. याचा अर्थ उघड आहे. कारीगराच्या कानाची दिवसभराची शिल्लक पाळीतच संपलेली असते. त्यावर तो खेळाचा आवाज मागाच्या आवाजापेक्षा मोठा करतो, म्हणजे संपलेल्या खात्यातून उधारी काढतो. ही उधारी फिटत नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. समोरचा बोलतो ते ऐकू येते, पण शब्द नीट कळत नाहीत.

म्हणून गोंगाटात वापरायच्या हेडफोनचा पहिला गुण एकच : बाहेरचा आवाज बाहेरच थांबवणे. बाहेरचा आवाज थांबला तर आतला आवाज लहान ठेवूनही खेळ नीट ऐकू येतो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. कानाच्या तोंडाशी नुसता अडकणारा कडक प्लास्टिकचा इअरबड गोंगाटात कुचकामी आहे, कारण फटीतून सगळा आवाज आत येतो. रबरी किंवा फोमच्या टोपीचा, कानाच्या छिद्रात घट्ट बसणारा प्रकार कमी पैशात सर्वांत कामाचा. सोबत लहान, मध्यम, मोठ्या टोप्या मिळतात. तिन्ही लावून पाहाव्यात. दोन्ही कानांना एकच माप बसेल असेही नाही. तिसरा, संपूर्ण कान झाकणारा हेडफोन. तो बंद पाठीचा असावा. तो चांगला आवाज अडवतो, पण उन्हाळ्यात घाम येतो आणि चष्म्याच्या काडीमुळे फट राहते.

खोक्यावरच्या अक्षरांकडे नीट लक्ष द्यावे. ‘एएनसी’ म्हणजे बाहेरच्या आवाजाला उलटा आवाज देऊन तो दाबणारी सोय. पंखा, बसचे इंजिन अशा सलग, जाड आवाजावर ती चांगली चालते. धोट्याचा ठोका, हॉर्न, माणसांचे बोलणे यांवर कमी. ‘ईएनसी’ ही वेगळीच चीज आहे. ती फक्त माइकसाठी असते. तुमचे बोलणे पलीकडच्याला स्वच्छ जाते, तुमच्या कानाला तिचा काही फायदा नाही. या एका अक्षराच्या फरकावर पुष्कळ गिऱ्हाइके फसतात.

खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो. गाण्यात ते जाणवत नाही, पण खेळात गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो. वायरच्या हेडफोनमध्ये ही अडचण जवळजवळ नसते. ब्लूटूथच घ्यायचा असेल तर ‘गेमिंग मोड’ किंवा ‘लो लेटन्सी’ सोय आहे का, ते दुकानातच खेळ चालवून पाहावे. बिनवायरीच्या मालावर बीआयएसचे नोंदणी चिन्ह पाहावे आणि पक्के बिल घ्यावे.

पारख करायची रीत सोपी आहे. हेडफोन काहीही न वाजवता कानाला लावून दुकानाच्या दारात, रहदारीसमोर उभे राहावे. गोंगाट किती कमी झाला ते कळते. मग आवाज निम्म्यावर ठेवून खेळ लावावा. निम्म्यावर पावले ऐकू आली तर माल घ्यावा. तो वाढवावा लागला तर टोपी बदलावी, नाहीतर माल परत द्यावा. सुताचे तंतू जाळीत अडकतात, म्हणून आठवड्यातून एकदा मऊ, कोरड्या ब्रशने ती साफ करावी.

माग चालू असताना मात्र गाणे नाही, खेळ नाही. तिथे फोमचे इअरप्लग हवेत. बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवावे आणि फुगेपर्यंत धरावे. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातही व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. इअरप्लगच्या जोडीला फार दाम पडत नाही. कारखानदार बंधूंनी मुकादमाजवळ त्यांचा एक डबा भरून ठेवावा. पाळीनंतर कानात घूं-घूं वाजत असेल, तर त्या दिवशी हेडफोन लावूच नये. असे रोज होत असेल तर कानाच्या डॉक्टरकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. धोटा तुटला तर बाजारात दुसरा मिळतो. कानाचे तसे नाही.