विद्यार्थी समाधानी आहेत काय?

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांविषयी बोलणारे पुष्कळ असतात. विद्यार्थ्यांना विचारून मग बोलणारे मात्र थोडे. कोणी म्हणतो, हल्लीची मुले अभ्यास करीत नाहीत. कोणी म्हणतो, हल्लीचे प्राध्यापक शिकवीत नाहीत. दोन्ही मते ठामपणे मांडली जातात आणि दोहोंनाही आधार बहुधा ओळखीच्या चार-दोन उदाहरणांचाच असतो. हा अंदाजपंचे कारभार थांबवावा, पदवीच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलामुलींनाच त्यांच्या शिक्षणाविषयी, दिनक्रमाविषयी आणि समाधानाविषयी पद्धतशीर प्रश्न विचारावेत, या विचारातून विद्यार्थ्यांच्या पाहण्या सुरू झाल्या. या पाहण्या कशा चालतात, त्यांतून काय कळते आणि काय कळत नाही, हे वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

असा विषय शाळेच्या वार्षिकात कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात येईल. आज नववी-दहावीत असलेले आमचे विद्यार्थिमित्र थोड्याच वर्षांत पदवीच्या वर्गात पाऊल टाकतील. तेव्हा 'आमच्या संस्थेचे शेकडा नव्वद विद्यार्थी समाधानी आहेत' अशा धर्तीची वाक्ये माहितीपत्रकांतून त्यांच्या व त्यांच्या पालकांच्या दृष्टीस पडतील. त्या एका आकड्यावर विसंबून तारुण्याची तीन-चार वर्षे आणि घरात काटकसरीने साठविलेली पुंजी पणास लावावी काय, हे ठरविण्याची पाळी त्यांच्यावर येईल. आकडा वाचता येणे निराळे आणि त्याचा अर्थ लावता येणे निराळे.

या पाहण्यांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत अलेक्झांडर ॲस्टिन या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने १९६६ साली महाविद्यालयांत नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांची देशव्यापी पाहणी सुरू झाली. तेच ते प्रश्न वर्षानुवर्षे विचारीत राहिल्यामुळे पिढी कशी पालटते याचे चित्र तीत उमटले. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जीवनाविषयी अर्थपूर्ण तत्त्वज्ञान बनविणे महत्त्वाचे मानणारे नवविद्यार्थी शेकडा ८० हून अधिक होते. आर्थिक सुबत्ता तितकीच महत्त्वाची मानणारे निम्म्याहूनही कमी होते. वीस वर्षांनी पारडे फिरले. सुबत्तेस महत्त्व देणारे शेकडा ७५ च्या घरात गेले आणि तत्त्वज्ञानास महत्त्व देणारे ४० च्या आसपास उतरले. एकदाच घेतलेल्या पाहणीतून हा पालट दिसला नसता. चिकाटीने विचारलेला साधा प्रश्नही किती सांगून जातो, याचे हे उदाहरण होय.

पुढे १९९३ पासून ऑस्ट्रेलियात पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांना त्यांच्या अभ्यासक्रमाच्या अनुभवाविषयी राष्ट्रीय पातळीवर विचारण्यात येऊ लागले. त्या प्रश्नावलीचा पाया पॉल रॅम्सडेन यांच्या संशोधनाने घातला होता. तिच्यापासून बोध घेऊन ब्रिटनने २००५ साली 'राष्ट्रीय विद्यार्थी पाहणी' सुरू केली. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांना हे प्रश्न विचारले जातात. अध्यापन कसे होते, तपासलेल्या कामावरील अभिप्राय वेळेवर मिळतो काय, ग्रंथालय व इतर साधने पुरेशी आहेत काय, असे त्यांचे स्वरूप असते. पाहणीचे काम विद्यापीठांच्या हाती न देता बाहेरच्या संस्थेकडे सोपविलेले असते आणि कोणी काय उत्तर दिले हे विद्यापीठास कळू दिले जात नाही. वेल्समधील विद्यार्थ्यांसाठी प्रश्नावली वेल्श भाषेतही उपलब्ध असते. बहुसंख्याकांच्या भाषेच्या शेजारी आपली भाषा जतन करणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको. मनातले गाऱ्हाणे मनातल्या भाषेत मांडता आले, तरच ते पुरतेपणी मांडले जाते.

आता अशा पाहणीतून निघालेल्या आकड्याची परीक्षा कशी करावी ते पाहू. पहिला प्रश्न असा की, उत्तरे दिली कोणी? समजा, एका वर्गात १०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ४० जणांनी उत्तरे पाठविली आणि ३६ जणांनी समाधान व्यक्त केले. संस्था लिहील, 'शेकडा ९० समाधानी'. गणित चुकलेले नाही. परंतु ६० जण गप्प आहेत. ते सारेच समाधानी असतील, तर खरी संख्या ९६. एकही नसेल, तर ती केवळ ३६. एका आकड्याच्या पोटात एवढे मोठे अंतर दडलेले असते. आणि गप्प राहणारे लोक बोलणाऱ्यांसारखेच असतात, असे मानण्यास आधार नसतो. दुरून बसने ये-जा करणारा, शिकता शिकता नोकरी करणारा, वर्गात मन न रमल्याने येणेच सोडलेला विद्यार्थी प्रश्नावली भरावयास क्वचितच सापडतो.

मोठी संख्या म्हणजे खरे चित्र, हा समज किती फसवा आहे, याचा धडा निवडणुकांच्या पाहणीने फार पूर्वीच दिला आहे. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत वर्तविण्यात आले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यांत रूझवेल्ट विजयी झाले! मतपत्रिका पाठविताना दूरध्वनीधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांचा मोठा आधार घेतलेला होता, त्यामुळे गरिबांचा आवाज त्यांत कमी पडला. शिवाय ज्यांनी उत्तर पाठविण्याची तसदी घेतली, त्यांत रूझवेल्टविरोधकांचे प्रमाण अधिक होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी, परंतु विचारपूर्वक निवडलेल्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. भाताची परीक्षा एका शितावरून होते हे खरे. मात्र पातेले नीट ढवळलेले असावे लागते.

ब्रिटिश पाहणीने म्हणूनच एक मर्यादा घालून घेतली आहे. एखाद्या अभ्यासक्रमाच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी तरी उत्तरे दिलेली नसतील, अथवा उत्तर देणारे दहाहून कमी असतील, तर तेथील निकाल प्रसिद्धच करावयाचा नाही. चुकीचा आकडा देण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवलेला बरा, ही वृत्ती अनुकरणीय आहे.

दुसरा प्रश्न, नेमके विचारले काय? 'आपल्या महाविद्यालयाचे समृद्ध ग्रंथालय आपणांस आवडते ना?' या वाक्यात उत्तर अगोदरच भरून ठेवलेले आहे. 'प्राध्यापक मनमिळाऊ आणि अभ्यासू आहेत काय?' या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र गुंफलेले आहेत. मनमिळाऊ पण अभ्यासू नसलेल्या प्राध्यापकांविषयी विद्यार्थ्याने कोणते उत्तर द्यावे? नुसते विधान पुढे ठेवून 'सहमत' की 'असहमत' असे विचारले, तर भिडस्त माणूस सहसा मान डोलावतो. ब्रिटिश पाहणीत पूर्वी अशीच विधाने असत. २०२३ साली ती बदलून सरळ प्रश्न आले. शिक्षक विषय समजावून सांगण्यात कितपत चांगले आहेत, असे विचारून 'फार चांगले' पासून 'मुळीच चांगले नाहीत' पर्यंत चार उत्तरे पुढे ठेवली जातात. त्याच वर्षी इंग्लंडपुरता 'एकंदरीत आपण समाधानी आहात काय?' हा प्रश्नच वगळण्यात आला. ज्या आकड्याची सर्वांत अधिक जाहिरात होत असे, तोच काढून टाकावा लागला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत खोल आहे. समाधान म्हणजे शिक्षण काय? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांनी सराईत अध्यापकाचे ओघवते व्याख्यान ऐकले. काहींना तोच विषय गटागटाने, स्वतः उदाहरणे सोडवीत शिकावा लागला. पुढे गटांची अदलाबदलही करण्यात आली. आपण अधिक शिकलो, असे व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटले. चाचणीत मात्र स्वतः झटणाऱ्यांनीच अधिक गुण मिळविले. डोक्यास ताण देणारा तास त्या वेळी आवडत नाही, आणि फळ मात्र तोच देतो. तालमीत घाम गाळणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. तेव्हा 'समाधानी' हा शिक्का पाहून 'येथे ज्ञान मिळते' असा निर्णय करणे उतावीळपणाचे ठरेल.

ही अडचण ओळखून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात जॉर्ज कू यांच्या नेतृत्वाखाली २००० साली वेगळ्या वळणाची राष्ट्रीय पाहणी सुरू झाली. 'आपणांस कसे वाटते?' यापेक्षा 'आपण काय करता?' या प्रश्नावर तिचा भर आहे. आठवड्यातून अभ्यासास किती तास देता, वर्गात प्रश्न कितीदा विचारता, वर्गाबाहेर अध्यापकांशी चर्चा होते काय, असे प्रश्न पहिल्या व शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारले जातात. विद्यार्थी हा नुसता गिऱ्हाईक नसून शिक्षणाच्या कार्यातील भागीदार आहे, ही दृष्टी तीमागे आहे आणि ती आम्हांस अधिक योग्य वाटते.

चौथा प्रश्न, या उत्तरातून लाभ कोणाचा? पाहणीच्या निकालावरून संस्थांचे क्रमांक लागू लागले की, आरशात पाहण्याऐवजी आरसाच रंगविण्याचा मोह होतो. २००८ साली इंग्लंडमधील एका विद्यापीठात असे घडले. विभागाचा क्रमांक खाली गेला तर तुमच्या पदवीची किंमतही खाली जाईल, म्हणून चांगलीच उत्तरे द्या, असे अध्यापक विद्यार्थ्यांस सांगत असल्याचे उघडकीस आले; त्या विभागाचा त्या वर्षीचा निकाल रद्द झाला. उलट, २०१७ साली या निकालांचा संबंध शुल्कवाढीशी जोडला जाणार म्हणून तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने पाहणीवर बहिष्कार पुकारला, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजसारख्या विद्यापीठांचेही निकाल त्या वर्षी पुरेशा उत्तरांअभावी प्रसिद्ध होऊ शकले नाहीत. ज्या उत्तरावर पैसा आणि प्रतिष्ठा टांगलेली असते, ते उत्तर निर्मळ राहणे कठीण, हाच या दोन्ही घटनांचा बोध.

आपल्या देशातही हे वारे पोहोचले आहेत. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी 'नॅक' ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. २०१७ साली तिने सुधारलेल्या पद्धतीत विद्यार्थी-समाधानाच्या पाहणीचा समावेश केला. अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला, येथपासून सुरू होणारे वीस प्रश्न आणि शेवटी मोकळ्या सूचनांस जागा, असे त्या प्रश्नावलीचे स्वरूप होते. महाविद्यालयातील शेकडा १० विद्यार्थ्यांची अथवा १०० जणांची, यांपैकी जी संख्या लहान असेल तितकी उत्तरे त्या पद्धतीत आवश्यक होती. म्हणजे तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात शंभर उत्तरांनी काम भागे. शंभर ही संख्या वाईट नाही. पण ते शंभर कोणते, हा आमचा पहिला प्रश्न तेथेही विचारावाच लागतो.

हे सारे वाचून पाहण्याच निरर्थक आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. सदोष तराजू दुरुस्त करावयाचा असतो. तो फेकून देऊन कोणी डोळ्यांनी धान्य मोजीत नाही. आमच्या विद्यार्थिमित्रांना याचा अनुभव घ्यावयाचा असेल, तर शाळेच्या ग्रंथालयाविषयी एक लहानशी पाहणी करून पाहावी. हजेरीपटावरील सर्व क्रमांकांच्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांतून पन्नास उचलाव्यात, म्हणजे नेहमीच्या उत्साही मंडळींचीच निवड होणार नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नको. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. 'ग्रंथालय आवडते काय?' असे न विचारता 'गेल्या महिन्यात किती पुस्तके घरी नेली? न नेल्यास कारण कोणते?' असे विचारावे. पन्नासांपैकी किती जणांनी उत्तरे दिली, हे निकालाच्या मथळ्यातच लिहावे. आणि निघालेल्या कारणांपैकी एक तरी कारण दूर करावे. कारण विचारून काहीच न करणे हे न विचारण्याहून वाईट. पुन्हा विचारण्याची वेळ येते, तेव्हा मग कोणी मनापासून उत्तर देत नाही.

शेवटी उत्तर देणाऱ्याच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. ब्रिटनमधील पाहणी शेवटच्या वर्षी होते, हे आम्ही वर सांगितलेच आहे. म्हणजे उत्तर देणारा विद्यार्थी काही महिन्यांत तेथून निघून जाणार असतो. त्याच्या तक्रारीवरून ग्रंथालय रात्री उघडे राहू लागले, तरी तेथे वाचावयास तो नसतो. लाभ होतो तो त्याच्या मागून येणाऱ्या, त्याने कधी न पाहिलेल्या मुलाचा. आमच्या विद्यार्थिमित्रांपुढेही उद्या अशी प्रश्नावली येईल. कोणाच्या भिडेने गोड लिहू नये आणि कोणावरच्या रागाने कडूही लिहू नये. जसे आहे तसे लिहावे. कारण त्या उत्तरावरून प्रवेश घेणारा विद्यार्थी आपल्याच शाळेतील, आपल्याहून दोन इयत्ता मागे असलेला कोणी असू शकेल.