बिनक्लचची गाडी आणि तिच्या डोक्यातलं गणित

तुम्ही म्हणाल, भाताच्या पत्रकात साहेबांनी मोटारीचा गिअर कुठून काढला? पण भोर-वेल्ह्याच्या गावांतून हिंडताना अलीकडे एक प्रश्न सारखा कानावर येतो. "पोरानं बिनक्लचची गाडी घेतली. पाबे घाटात दम टाकते. कॉम्प्युटर जोडून सेटिंग बदलून देतो म्हणतात. करावी का?" पैसे तुमचे जायचे आणि उतारावर जीवही तुमचाच, म्हणून या खेपेला हा विषय.

आपोआप गिअर बदलणारी मोटार ही काही कालची गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारीत ‘हायड्रामॅटिक’ नावाचा असा गिअरबॉक्स आला. त्यात सगळी करामत तेलाच्या दाबावर चाले. पुढं तेलाच्या जागी हुकूम द्यायला कॉम्प्युटर आला. आपल्याकडं मात्र ही सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर. त्यातली पद्धत म्हणजे ए.एम.टी. गावात दिसणाऱ्या बऱ्याचशा बिनक्लचच्या गाड्या याच जातीच्या.

आता आधी एक गैरसमज काढून टाका. ए.एम.टी.च्या गाडीत क्लच असतो! तोच क्लच, तीच प्लेट, तेच गिअर. फक्त क्लच दाबणारा तुमचा डावा पाय आणि दांडा हलवणारा हात यांच्या जागी यंत्र बसवलेलं असतं आणि त्याला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलेलं गणित म्हणजेच सॉफ्टवेअर.

हे गणित मुख्यतः तीन गोष्टी बघतं. गाडीचा वेग किती, इंजिनचे फेरे किती आणि तुम्ही रेस किती दाबली आहे. पाय हलका असेल तर गिअर लवकर वर टाकायचा, म्हणजे तेल कमी जळतं. पाय जोरात असेल तर मालकाला ताकद हवी आहे असं समजून गिअर उशिरा टाकायचा. गाडीत तुम्ही दोघेच आहात की मागं इंद्रायणीची चार पोती आहेत, हे त्याला दिसत नाही. बैल ओझं खांद्यावर ओळखतो. हिला ते बहुधा तुमच्या पायावरून आणि वेग किती पडला यावरूनच कळतं, आणि तेही उशिरा.

दुसरी सेटिंग समजायला तुमच्या पाण्याच्या टाकीचा ऑटो स्विच आठवा. पाणी तळाला गेलं की मोटार सुरू, काठाला आलं की बंद. या दोन खुणा अगदी जवळ ठेवल्या तर मोटार दर मिनिटाला चालू-बंद होईल आणि जळेल. गिअरचंही तसंच. समजा दुसऱ्यातून तिसरा गिअर ३० च्या वेगाला पडतो, तर तिसऱ्यातून दुसरा मात्र २० ला पडावा. मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. ते कमी केलं, की चढावर गाडी दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत बसते. गाडी घाटात दम टाकते म्हणतात त्यात पुष्कळदा हेच असतं. ओझं जास्त, चढ उभा, आणि गणित त्या दोन गिअरांच्या मध्ये अडकलेलं.

तिसरी सेटिंग क्लच सोडण्याची. भरल्या ट्रॉलीला ट्रॅक्टरचा क्लच एकदम सोडला तर हिसका बसतो. फार हळू सोडला तर प्लेट घासते आणि जळका वास येतो. कंपनीनं या दोहोंचा मध्य साधलेला असतो. ए.एम.टी.त गिअर बदलताना मान जराशी पुढं जाते त्यात याचाही वाटा असतो. हा हिसका घालवून देतो म्हणणारा माणूस क्लच जास्त वेळ घासू देणार, म्हणजे प्लेटचं आयुष्य कमी करणार. त्यापेक्षा गिअर पडायच्या वेळी पाय किंचित उचला. फुकटात काम होतं.

माझंच सांगतो. पाबे घाटात पुढं टेम्पो अडकला होता. मी ब्रेक न लावता नुसत्या रेसवर गाडी चढाला धरून ठेवली. दोन-तीन मिनिटांत जळका वास आला. पदवी शेतीची असली म्हणून शहाणपण घाटात येतंच असं नाही. चढावर थांबायचं तर पायाचा ब्रेक किंवा हँडब्रेक. तापल्याचा दिवा लागला, तर गाडी बाजूला घ्या, एन वर टाका, हँडब्रेक ओढा आणि निवू द्या.

मग सेटिंग बदलावी का? माझं मत विचाराल तर ओझ्याच्या गाडीला नको. इंजिनची ताकद वाढवली तरी गिअरबॉक्सचे दात आणि क्लचची प्लेट जुन्याच ताकदीच्या राहतात. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असतात. एकाचं गणित बदलून दुसऱ्याचं तसंच ठेवलं तर भांडण ठरलेलं. पुढं काही मोडलं तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते ते वेगळंच. तरी कोणी करणारच असेल, तर मूळ सॉफ्टवेअर जपून ठेवलंय का आणि परत घालून देणार का, एवढं आधी विचारून घ्या.

तुमच्या हातात एक सेटिंग कंपनीनंच दिलेली आहे. दांड्याजवळ एम असं अक्षर असतं, बाजूला अधिक-उणे. चढ लागण्याआधीच एम वर घेऊन दुसरा गिअर धरा, उभा चढ असेल तर पहिला. भात लावणीच्या दिवसांत चिखलाच्या वाटेवरही हेच करा, कारण चाक जागच्या जागी फिरलं तरी कॉम्प्युटरला वाटतं गाडी पळते आहे.

उतारावर तर एम हवाच. महाडकडं वरंध घाट उतरताना तुम्ही रेसवरून पाय काढता. डी वर असलेली गाडी कधी कधी त्याचा अर्थ आता ताकद नको असा घेते आणि वरचा गिअर टाकते. मग इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पाय नुसता खाली जातो. ज्या गिअरात चढला असता त्याच गिअरात उतरा. तेल वाचवायला एन वर टाकून गाडी सोडणारे मी पाहिलेत, तसं कदापि करू नका.

क्लचप्लेट बदलली तर मेकॅनिककडून स्कॅनर लावून नव्या प्लेटची ओळख कॉम्प्युटरला करून घ्या. नाहीतर नवी प्लेट असूनही गाडी हिसके मारते आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. आणि ए.एम.टी.त पुष्कळदा पी हे अक्षर नसतं. तेव्हा उतारावर गाडी लावताना गिअर पडलेला ठेवूनच इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा.