दारे धरायची, तर उजेडात

डिसेंबरची रात्र, बाराचा सुमार. गव्हाला पाण्याची पाळी द्यायची असते आणि शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज नेमकी याच वेळी येते. घरातला एक माणूस विजेरी आणि फावडे घेऊन निघतो. मोटार सुरू करायची, पाटाचे पाणी वाफ्यात सोडायचे, एक वाफा भरला की त्याचे दार बांधून पुढच्याचे मोडायचे. पाय चिखलात आणि बांधावरचे गवत घोट्याला लागत असते. दिसते ते फक्त विजेरीच्या झोतापुरते.

घोणस आणि मण्यार हे विषारी साप रात्रीच अधिक हालचाल करतात. जुन्नर, शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची धास्ती वेगळीच. शिवाय ओल्या हाताने स्टार्टर चाचपताना शॉक बसण्याचा धोका असतो. ‘शेतीला दिवसा वीज द्या’ ही मागणी म्हणूनच सोयीची नाही, जिवाची आहे.

सर्पदंशाचा आकडा मोठा आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले होते. हे सगळे दंश रात्रीच्या पाण्यामुळे झाले असे नाही. निम्मे मृत्यू तर पावसाळ्याच्या चार महिन्यांतले आहेत आणि मण्यार बऱ्याचदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. पण दारे धरणाऱ्याला होणारा दंश हा टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी विजेची वेळ बदलावी लागेल.

मग ती आजवर बदलली का नाही? कोळशावरचे वीजनिर्मिती संच मनात येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाहीत. रात्री शहरे झोपतात, कार्यालये बंद असतात आणि मागणी उतरते. तेव्हाची वीज खपवायची, तर शेतीपंप हा हक्काचा ग्राहक. राज्यात कृषिपंपांची संख्या सुमारे 45 लाख आहे. हा सगळा भार दिवसा एकदम आला, तर यंत्रणेवर ताण येतो. त्यामुळे पंपांना आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज देण्याची पद्धत पडली. विजेचे गणित जुळले, पण त्यासाठी शेतकऱ्याची झोप मोडली.

सौरऊर्जेने हे गणित उलटे होते. सौरपॅनलमधल्या सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहू लागते. सूर्य मावळला की काम संपले. सौर विजेवरचा नेहमीचा आक्षेप हाच, की रात्रीचे काय? घरासाठी आणि रुग्णालयासाठी तो रास्त आहे. तिथे बॅटरी किंवा दुसरा स्रोत हवाच. पंपाला मात्र रात्रीची वीज लागतच नाही. दुपारी उपसलेले पाणी वाफ्यात मुरते, शेततळ्यात साठते. साठवणुकीचे काम माती आणि तळे करतात, बॅटरीचा खर्च वाचतो. पावसाळ्यात ढगांमुळे सौरनिर्मिती घटते, तेव्हा सिंचनाची गरजही कमी असते. सूर्याच्या वेळापत्रकाशी इतका जुळणारा दुसरा ग्राहक शोधून सापडणार नाही.

महाराष्ट्रात 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पाया हाच आहे. प्रत्येक विहिरीवर पॅनल बसवण्याऐवजी वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर छोटा सौरप्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीवर सोडायची. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे पावणेचार किलोवॅट वीज लागते. एक मेगावॅटच्या प्रकल्पाला साधारण चार-पाच एकर जागा पुरते. वीज जवळच तयार होत असल्याने लांबच्या तारांमधली गळतीही कमी होते. 2023 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. ऑक्टोबर 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगावसह पाच ठिकाणच्या एकूण 19 मेगावॅटच्या प्रकल्पांचे लोकार्पण झाले. कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तोही इथे वाचतो.

पण दिवसा वीज आली म्हणजे सगळे सुटले असे नाही. वीज स्वस्त आणि सोयीची झाली की उपसा वाढतो. ज्या तालुक्यांत विहिरी जानेवारीतच तळ गाठतात, तिथे याची किंमत पुढच्या उन्हाळ्यात मोजावी लागेल. ठिबक आणि पीकपद्धतीतला बदल यांची जोड नसेल, तर सूर्य कमी पडणार नाही, पाणी पडेल. पॅनलवरची धूळ वेळोवेळी पुसणे आणि बिघडलेला इन्व्हर्टर वेळेत दुरुस्त करणे ही कामेही कोणीतरी नियमित करायला हवीत.

जिथे दिवसा वीज अजून पोहोचलेली नाही, तिथे रात्री रानात जाणाऱ्याने गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, चांगल्या उजेडाची विजेरी न्यावी, काठी आपटत चालावे आणि शक्यतो एकट्याने जाऊ नये. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता 108 क्रमांकावर फोन करून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जावे. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

नवीकरणीय ऊर्जेची चर्चा बहुधा तापमानवाढ आणि मेगावॅटच्या भाषेत होते. ती खोटी नाही. पण बांधावरच्या माणसाला तिचा पहिला फायदा याहून साधा आहे. सकाळी दहाला मोटार सुरू करायची, पाऊल कुठे पडते ते बघत दारे धरायची आणि रात्री घरी झोपायचे.