वडगावचा तह, सालबाईचा तह

भूमीवरून भांडणाऱ्या दोन शेजारी सत्तांमधील तह कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, हे समजून घेण्यासाठी मावळाबाहेर जाण्याची गरज नाही. कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या आजच्या कुसगावाच्या आसपासचा खंडाळा-कार्ले हा टापूच १७७९ च्या जानेवारीत मराठे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यातील युद्धाची रणभूमी होता.

वादाचे मूळ मुंबईला लागून असलेल्या साष्टी बेटात होते. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी ते बळकावले आणि पुढे पेशवेपदाचे दावेदार रघुनाथराव यांना पुण्याच्या कारभारावर बसवण्यासाठी त्यांची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिलेला कॅप्टन स्टुअर्ट पडला. तळेगावला पोचेपर्यंत मराठ्यांनी गाव आणि दाणावैरण जाळून टाकलेली होती, आणि अखेर रात्रीच्या अंधारात जड तोफा तळ्यात ढकलून परत फिरलेली ही फौज वडगावात कोंडली गेली. तेथे झालेल्या तहात इंग्रजांनी साष्टीसह १७७३ नंतर मिळवलेला मुलूख परत करण्याचे कबूल केले; परंतु १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध आणि तह यांवरील अंतिम देखरेख कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलकडे गेली असल्याने वॉरन हेस्टिंग्जने तो सरळ धुडकावला. कोंडीत सापडलेल्याने, पुरेसा अधिकार नसताना लिहून दिलेला तह कितीही मोठ्या विजयाचा असला, तरी त्याला कागदापलीकडे बळ नव्हते.

पुढची तीन वर्षे दोन्ही पक्षांना महाग पडली. इंग्रजांनी अहमदाबाद, वसई आणि ग्वाल्हेर घेतले, पण १७८१ मध्ये बोरघाटातून पुण्याकडे निघालेल्या जनरल गॉडर्डला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. शिवाय दक्षिणेत हैदरअलीशीही त्यांचे युद्ध चालू होते. १७ मे १७८२ रोजीच्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली, हे मराठ्यांना बोचणारे होते. मात्र वसई परत मिळाली, रघुनाथरावांचा पक्ष इंग्रजांनी सोडला, आणि तहपालनाची हमी देणारा जामीनदार म्हणून महादजी शिंदे दोहोंना मान्य झाले. येथे कोणीही सर्वस्व गमावले नव्हते, म्हणूनच ही शांतता सुमारे वीस वर्षे टिकली.

अशा तिसऱ्या हाताचे महत्त्व भारत-पाकिस्तान संबंधांतही दिसते: जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९६० मध्ये झालेला सिंधू जलकरार १९६५, १९७१ आणि १९९९ च्या युद्धांतही चालू राहिला, आणि एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारताने तो स्थगित केला. सालबाईच्या बाबतीत जामीनदार महादजी १७९४ मध्ये आणि पुण्याचे कारभारी नाना फडणवीस १८०० मध्ये वारले. त्यानंतर होळकरांकडून पराभूत झालेल्या पेशवा दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, आणि १८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटले.