जोडणीत हरवलेले वर्गमूळ

लिनक्सवर सी भाषेतला प्रोग्रॅम तयार होताना कंपायलर आधी प्रत्येक फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि मग लिंकर, म्हणजे जोडणी करणारा प्रोग्रॅम, ते तुकडे लायब्ररीशी, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहाशी, सांधतो. त्यामुळे चूक कोणत्या टप्प्यावर झाली हे ओळखले की निम्मे काम होते. हेडर फाइल सापडत नसेल तर तक्रार कंपायलरची असते आणि डेबियनमध्ये ती बहुधा नावाअखेर ‘डेव्ह’ असलेले पॅकेज बसवल्यावर मिटते. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा संदेश मात्र लिंकरचा: फंक्शनची घोषणा मिळाली, पण प्रत्यक्ष फंक्शन कुठेच सापडले नाही. एखाद्या चलाचे वर्गमूळ काढताना गणिताची लायब्ररी जोडणारा ‘एलएम’ हा पर्याय द्यायचा राहिला की बहुधा हेच घडते. तो आज्ञेच्या शेवटीच द्यावा, कारण लिंकर स्थिर लायब्ररी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि तोवर मागणी झालेले तुकडेच उचलतो. नवशिक्यांना हा क्रम विनाकारण छळतो. प्रोग्रॅम तयार होऊनही सुरू होताना सामायिक लायब्ररी सापडत नसेल, तर ‘एलडीडी’ ही आज्ञा हरवलेले नाव दाखवते आणि लायब्ररी नुकतीच बसवलेली असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने ‘एलडीकॉन्फिग’ चालवावे लागते.