पाटी बघा, मग पाणी प्या!

पुणेरी पाट्या वाचून खो-खो हसता ना? आता या जुन्या पाट्या वाचा. हसू आलं तर सांगा!

माहीत आहे का? इंग्रजांच्या राज्यात तहानेलाही धर्म होता. यवतमाळहून शकुंतला रेल्वेत डुलत मूर्तिजापूर गाठायचं, मोठी गाडी धरायची आणि पुढच्या मोठ्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' की 'मुसलमान पाणी' हे बघूनच तांब्या पुढे करायचा.

चहाचंही तेच. दिल्लीत कैदेत असलेल्या आझाद हिंद सैनिकांना 'हिंदू चहा' आणि 'मुस्लिम चहा' वेगवेगळा यायचा. पठ्ठ्यांनी दोन्ही एकत्र ओतले आणि निम्मा-निम्मा प्याले. एकदम कडक!

मुंबईत मामला रंगाचा. वॉटसन हॉटेल गोऱ्यांचं. ७ जुलै १८९६ ला देशातला पहिला सिनेमा तिथे लागला. देशी पब्लिकला तो आठवड्यानं, नॉव्हेल्टी थिएटरात. (जमशेटजी टाटांना वॉटसननं दारातून परत पाठवलं म्हणून ताज उभं राहिलं, ही स्टोरी झकास, पुरावा मात्र पातळ.)

आणि अस्पृश्यता? तिला पाटी लागतच नसे! १९०१ मध्ये छोटा भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला, जात कळताच चेहरा पालटला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं पायी! रात्रभर घोटभर पाणी मिळालं नाही ते वेगळंच.

आता सलाम ठोकावा अशी एक पाटी: 'सत्यसुधारक हॉटेल', कोल्हापूर. मालक गंगाराम कांबळे. सरकारी पागेतल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना चाबकाचे फटके बसले होते. शाहू महाराजांनी मदत करून त्यांना चहाचं दुकान थाटून दिलं. पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः दुकानासमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले, सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. राजानं घोट घेतल्यावर 'मला नको' म्हणायची टाप कुणाची? याहून भारी ब्रँड अँबेसेडर दाखवा!

मंदिरांचंही तेच. यवतमाळशेजारच्या वर्ध्यात १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर सगळ्यांना उघडलं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, त्या तळ्याच्या खटल्यातला हायकोर्टाचा निकाल १९३७ चा. पाण्याहून तारखाच जास्त!

यवतमाळकरांनो, कॉलर ताठ करा: राज्यघटनेच्या आधीच, १९४७ मध्ये, मध्य प्रांत-वऱ्हाडानं नागरी हक्कांचा आणि मंदिरप्रवेशाचा असे दोन कायदे केले होते. मग आलं घटनेचं कलम १७. आणि १ जून १९५५ पासून देशभर अस्पृश्यता (गुन्हे) कायदा. हॉटेलातला कप नाकारला तरी गुन्हा, लेखी शब्दानं किंवा खुणेनं अस्पृश्यतेला चिथावणी दिली तरी गुन्हा. म्हणजे पाटीही आत!

बरोब्बर सहा महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ ला, अमेरिकेत रोझा पार्क्स गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली सीट सोडायला नाही म्हणाल्या. तिकडचा नागरी हक्क कायदा आला १९६४ मध्ये. दक्षिण आफ्रिकेनं तर १९५३ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या जागा वेगळ्या ठेवण्यासाठीच कायदा केला. तो रद्द व्हायला १९९० उजाडलं.

आपल्याकडे सगळं साफ? थांबा! महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा... ही वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं घेतला तो थेट डिसेंबर २०२० मध्ये. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली गेली. तुमच्या गावच्या पाटीवर आज काय लिहिलंय? जाता-येता बघून ठेवा!