शिंपल्याचं निम्मं वजन जातं कुठे?

रत्नागिरीचा जांभा बांधकामाला उत्तम, पण त्यातून चुना मिळत नाही. म्हणून कोकणपट्टीत चुना आला तो खाडीतून: तिसऱ्या, मुळे, कालवं यांची कवचं भट्टीत भाजून. कवच म्हणजे बहुतांशी कॅल्शिअम कार्बोनेट. सुमारे 900 अंश सेल्सिअसला त्याचं अपघटन होतं आणि चुनकळी उरते.

100 किलो शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट भाजलं, तर हाती 56 किलो चुनकळी येते. उरलेले 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन भट्टीच्या तोंडातून निघून जातात. लाकूड-कोळशाचा धूर वेगळाच. वायू दिसत नाही, म्हणून वस्तुमान ‘जळून गेलं’ असं वाटतं. बेरीज मात्र 100 किलोच. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1756 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच हरवलेला वायू तराजूच्या मदतीने पकडला. लाव्हाझिए यांनी वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आपल्या ग्रंथात मांडला तो 1789 मध्ये.

पुढचा हिशेब तर फारच देखणा आहे. 56 किलो चुनकळी 18 किलो पाणी पिते. रटरटत, वाफा सोडत 74 किलो विरलेला चुना तयार होतो. (प्रत्यक्षात पाणी जास्त लागतं, बरंचसं वाफ होऊन उडतं.) भिंतीत हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषतो. पूर्ण क्रिया होईतो 44 किलो वायू आत येतो, 18 किलो पाणी बाहेर पडतं आणि भिंतीत पुन्हा 100 किलो कॅल्शिअम कार्बोनेट तयार होतं. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत ही क्रिया पोहोचायला कित्येक वर्षं लागतात.